भेंडीच्या भाजीचें गोत्र



आमच्या घरीं एक आत्याबाई होत्या. सोंवळ्याच्या स्वयंपाकघरांत टोमॅटोला त्यांनीं अखेरपर्यंत पाऊल ठेवूं दिलें नाहीं. 'तीं विलायती वांगीं ओसरीवरच राहूं द्या,' असें त्या म्हणत, आणि त्यांच्यापुढें बोलण्याची कोणाची छाती नव्हती. एकादशीला मात्र त्यांच्या ताटांत बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा एवढें हमखास असे. उपास नसेल त्या दिवशीं, पावसाळा लागून बाजारांत कोंवळी भेंडी आली म्हणजे, त्यांच्या हातच्या भेंडीच्या भाजीला घरांत दुसरी तोड नसे. टोमॅटो परका, भेंडी, मिरची, बटाटा, दाणे हीं सारीं आपलीं. ही वांटणी कोणी केली, कधीं केली आणि कशाच्या आधारावर केली, हें आत्याबाईंना विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. त्या प्रश्नाचा पाठपुरावा मीं पुढें पुस्तकांतून केला, आणि तो करीत असतां एका साध्या भाजीनें मला तीन खंडें हिंडवून आणिलें. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम भाजीच सांगतें. कारण पुढच्या पुष्कळशा गोष्टी तिच्या कृतींतच दडलेल्या आहेत. पाव किलो भेंडी घ्यावी. घेतांना शेंडा मोडून पाहावा; कट् असा आवाज होऊन तुटला तर भेंडी कोंवळी, नुसताच वांकला तर जून. भाजीवाल्याला ही परीक्षा आवडत नाहीं, परंतु त्याला इलाज नाहीं. भेंडी अख्खीच धुवावी, पंचानें कोरडी करकरीत पुसावी, आणि मगच विळीवर तिच्या चकत्या कराव्या. चिरल्यावर तिला पाण्याचा थेंबही लागतां कामा नये. कढईंत तेल तापवून मोहरी, जिरें, हिंग, हळद आणि हिरव्या मिरचीचे तुकडे यांची फोडणी करावी. भेंडी घालून तिच्यावर दोन-तीन आमसुलें टाकावीं. झांकण ठेवूं नये. उलथनें फार फिरवूं नये. भाजी सुटीसुटी झाली म्हणजे मीठ आणि गुळाचा लहानसा खडा. कोंकणांत वर ओलें खोबरें पडतें, देशावर दाण्याचें कूट. एवढीच ही कृति. परंतु तिच्यांतील जवळजवळ प्रत्येक 'करावें' आणि 'करूं नये' हें एकाच गोष्टीवर डोळा ठेवून सांगितलेलें आहे, आणि ती गोष्ट म्हणजे भेंडीची तार, तिचा बुळबुळीतपणा. ती तार मोडावयाची, हा आपल्या भेंडीच्या भाजीचा पहिला आणि शेवटचा नियम. हा नियम लक्षांत ठेवावा. पुढें ज्या देशांत आपल्याला जावयाचें आहे, तेथें नेमका याच्या उलट नियम आहे.

आतां नांवाकडे वळूं. मराठींत भेंडी किंवा भेंडा, गुजराथींत भींडा, हिंदींत भिंडी, कानडींत बेंडेकायी, तेलुगूंत बेंडकाय, तामिळांत वेंडैक्काय: हीं सारीं एकाच कुळांतलीं नांवें दिसतात. बंगाल्यांचें ढेंडस तेवढें निराळें, आणि हिंदींत रामतुरई असेंही एक जुनें नांव आहे. १८८६ सालीं यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नांवाचा जो अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला, त्यांत भेंडीसाठीं 'बेंडी' आणि 'बँडिकॉय' अशीं रूपें दिलेलीं आहेत. त्यांतलें दुसरें रूप म्हणजे तामिळ वेंडैक्कायचें साहेबाच्या तोंडांत झालेलें कडबोळें होय. त्याच कोशांत मुंबईच्या भेंडीबाजाराचाही उल्लेख आहे. हें नांव भाजीवरून पडलें असें पुष्कळांना वाटतें. 'बिहाइंड द बझार' या इंग्रजी शब्दांचा तो अपभ्रंश होय, अशीही एक गमतीची व्युत्पत्ति ऐकूं येते. कोशकारांनीं मात्र बर्डवुड यांच्या आधारानें तें भेंडीच्या झाडावरून पडल्याचें सांगितलें आहे, आणि मला तेंच पटतें.

हें भेंडीचें झाड ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतें. समुद्रकांठच्या गांवांतून तें पुष्कळ आढळतें. पानें पिंपळासारखीं, फूल फिक्या पिवळ्या रंगाचें, आणि फुलाच्या पोटांत गडद तांबूस डाग. आतां भाजीच्या भेंडीचें फूल आठवावें: तोच पिवळा रंग, पोटांत तोच गडद डाग. दोन्ही वनस्पति एकाच कुळांतल्या. जास्वंद, कापूस आणि अंबाडी हींही त्याच कुळांतलीं. तेव्हां नांव कोणी कोणाचें घेतलें? नवी वस्तु घरांत आली म्हणजे तिला ओळखीच्या जुन्या वस्तूचें नांव द्यावयाचें, ही लोकांची रीत आहे. समुद्रापलीकडून आलेल्या एका तिखट फळाला आपण मिऱ्याच्या नांवावरून मिरची म्हटलें, हें त्याचें ठळक उदाहरण. झाडाचें नांव भाजीनें उचललें असावें असा माझा तर्क आहे, उलटही संभवतें. गाण्याच्या भेंड्या हा विषय अगदींच निराळा, तो आज नको.

तर नांव घरचें म्हणून वस्तूही घरचीच, असें म्हणतां येत नाहीं. सेव्हिल शहरचा एक अरब वनस्पतिज्ञ, अबुल अब्बास अन्-नबाती, १२१६ सालीं ईजिप्तांत गेला होता. तेथील लोक ही वनस्पति लावतात आणि तिच्या शेंगा कोंवळ्या असतांना खातात, असें त्यानें नमूद केलें. अरबी भाषेंत या भाजीला 'बामिया' म्हणतात, आणि कैरोपासून बगदादपर्यंत ती मटणाबरोबर शिजवून आजही मोठ्या आवडीनें खाल्ली जाते. नबातीच्या या साक्षीला पुढें फार महत्त्व आलें. लागवडीच्या वनस्पतींचें मूळस्थान शोधणारा स्विस पंडित आल्फाँस द कांदोल यानें १८८३ सालच्या आपल्या ग्रंथांत ती पुढें मांडली, आणि भेंडी ही आफ्रिकेचीच, असा निकाल दिला. त्याच्यामागून रशियाच्या वाविलॉव्ह यानेंही अबिसीनियाकडेच बोट दाखविलें. खटला मिटला असें वाटलें.

तो पुन्हा उघडला दिल्लींत. १९५६ सालीं भारतीय कृषि-संशोधन संस्थेंतील जोशी आणि हरदास या दोन शास्त्रज्ञांनीं 'नेचर' या इंग्रजी नियतकालिकांत एक टिपण प्रसिद्ध केलें. उत्तर हिंदुस्थानांत एक रानभेंडी उगवते. तिच्या बीजपेशींत गुणसूत्रें असतात २९. बाजारांतल्या आपल्या भेंडीच्या बीजपेशींत तीं ६५. या दोघींचा संकर केला तेव्हां ६५ पैकीं २९ गुणसूत्रें रानभेंडीच्या २९ गुणसूत्रांशीं जोड्या करून बसलीं, आणि बाकीचीं ३६ एकाकी राहिलीं. याचा अर्थ असा कीं, फार पूर्वीं केव्हां तरी दोन निराळ्या वनस्पतींच्या संयोगांतून आपली भेंडी जन्माला आली, आणि त्या दोहोंपैकीं एक ही हिंदुस्थानी रानभेंडी किंवा तिची जवळची नातलग होती. म्हणजे द कांदोलनें जिला आफ्रिकेची ठरविली, तिच्या आईबापांपैकीं एक तरी आपल्या रानांतलें निघालें. विद्वानांचा वाद यानेंही संपलेला नाहीं. भेंडीला माहेरें दोन आहेत एवढें समजून आपण पुढें जाऊं.

ही रानांतलीं नातीं केवळ पंडितांच्या कामाचीं आहेत असें मात्र समजूं नये. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा एक विषाणुजन्य रोग आहे. शेतकरी त्याला हळद्या किंवा केवडा म्हणतात. मुंबई इलाख्यांत त्याची नोंद १९२४ सालीं झाली. या रोगानें उभीं पिकें हातचीं जातात. त्याला दाद न देणारें 'परभणी क्रांति' नांवाचें वाण मराठवाडा कृषि विद्यापीठानें १९८० नंतरच्या दशकांत काढलें, तें लागवडीच्या भेंडीचा एका रानटी नातलगाशीं संकर करूनच. आज जगांत सर्वांत अधिक भेंडी भारतांत पिकते, आणि तिच्या पाठीशीं हीं रानभेंडीचीं पुण्यें आहेत.

येथें एक मोह होतो, तो कबूल केला पाहिजे. दख्खनच्या इतिहासांत हबशांचें स्थान मोठें आहे. मलिक अंबर अबिसीनियांत १५४८ च्या सुमारास जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि पुढें अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वाधिकारी होऊन १६२६ मध्यें मरेपर्यंत मोंगलांना पुरून उरला. जंजिऱ्याचे सिद्दी तर १९४८ पर्यंत संस्थानिक होते. तेव्हां भेंडी आपल्याकडे हबशांनीं आणिली, असें एक वाक्य लिहून टाकावें आणि कथा सुबक करावी, असें कोणाच्याही मनांत येईल. परंतु त्या वाक्याला आधार नाहीं. उलट, हिमालयापासून सिंहलद्वीपापर्यंत पसरलेलीं भेंडीचीं देशी नांवें त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. समुद्रावरून, माहीत असलेल्या लोकांबरोबर, अलीकडच्या शतकांत आलेली वस्तु बहुधा आपलें नांव बरोबर घेऊन येते. बटाटा, काजू, पाव हे शब्द पाहावे. भेंडी आफ्रिकेहून आली असलीच, तर ती इतक्या पूर्वीं आणि इतक्या गुपचूप आली कीं, तिला आणणारा माणूस कोण होता हें कोणाच्याही लक्षांत राहिलें नाहीं.

पण दुसऱ्या एका वाटेवर ती निघाली, आणि तेथें तिनें आपलें नांव सोडलें नाहीं.

इंग्रजींतला 'ओक्रा' हा शब्द नायजेरियांतील इग्बो लोकांच्या भाषेंतला आहे. ब्राझीलमध्यें भेंडीला 'कियाबो' म्हणतात. तो शब्दही आफ्रिकेंतूनच तिकडे गेला. अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतांत 'गम्बो' नांवाचें एक दाट कालवण प्रसिद्ध आहे; तें नांव अंगोलाकडच्या भाषांतील भेंडीवाचक 'किंगोम्बो' या शब्दावरून पडलें असें मानतात. हे शब्द अटलांटिक महासागर ओलांडून कोणत्या जहाजांतून गेले, हें सांगावयास नकोच. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सव्वा कोटीच्या आसपास आफ्रिकी माणसें गुलाम म्हणून त्या जहाजांत कोंबलीं गेलीं. त्यांतलीं सुमारें अठरा लाख वाटेंतच मेलीं. जीं पलीकडे उतरलीं त्यांना नवीं नांवें देण्यांत आलीं. एका भाषेचीं माणसें निरनिराळ्या मळ्यांवर पांगविण्यांत आलीं. आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको तोडून विकण्यांत आली. मळेवाल्यांच्या वह्यांतून त्यांची मोजदाद गुराढोरांच्या शेजारीं सांपडते.

त्याच वाटेनें भेंडी गेली. १६५८ सालीं ती ब्राझीलमध्यें असल्याची नोंद आहे. १७४८ च्या सुमारास ती उत्तर अमेरिकेंत थेट फिलाडेल्फियापर्यंत लावली जात होती, आणि १७८१ मध्यें टॉमस जेफर्सन यांनीं व्हर्जिनियांतल्या वनस्पतींत तिचा समावेश केला. मनुष्यमात्र समान आहे असें जाहीरनाम्यांत लिहिणारे हेच ते जेफर्सन, आणि त्यांच्या मळ्यावर राबणारे गुलामही त्यांचेच. माणसांचीं नांवें गेलीं, भाजीचें राहिलें. मळ्याच्या मालकिणीलाही स्वयंपाकघरांत तोच आफ्रिकी शब्द उच्चारावा लागला, कारण या भाजीसाठीं तिच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. १८२४ सालीं मेरी रँडॉल्फ या बाईंनीं 'दि व्हर्जिनिया हाउसवाइफ' नांवाचें पाकशास्त्राचें पुस्तक छापलें. त्यांत ओक्राचें सार आहे, आणि 'गम्ब्स' या नांवाची एक कृति आहे; कोंवळ्या शेंगा थोड्या पाण्यांत मीठ आणि मिरें घालून मऊ शिजवाव्या आणि वितळविलेल्या लोण्याबरोबर वाढाव्या, एवढीच ती कृति. पुस्तकावर नांव मेरी रँडॉल्फ यांचें आहे. तशा घरांतून चुलीपुढें उभी असलेली स्त्री बहुधा गुलाम असे, आणि तिचें नांव कोठेंच छापलेलें नाहीं.

पाण्यांत शिजवाव्या, हे शब्द आपल्या कानाला टोंचले असतील. पाण्यांत शिजविली म्हणजे भेंडीला तार येणारच! पण तेथें हवी आहे ती तारच. गम्बोचा दाटपणा त्या तारेवर अवलंबून असतो. पश्चिम आफ्रिकेंत भेंडी बारीक चिरून किंवा किसून कालवणांत घालतात, आणि कणकेच्या गोळ्यासारखें जें त्यांचें मुख्य अन्न, त्याचा घांस त्या तारेच्या कालवणांत बुडवून घशाखालीं सहज उतरवितात. आपण जिला दोष म्हणतों तोच तेथें गुण. ब्राझीलच्या बाहिया प्रांतांत 'कारुरू' नांवाचा पदार्थ होतो: बारीक चिरलेली भेंडी, सुकी कोळंबी, कांदा, काजू किंवा शेंगदाणे, आणि आफ्रिकेंतून आलेल्या ताडाचें तांबडें तेल. सप्टेंबरच्या अखेरीस कॉस्मस आणि डेमियन या जुळ्या संतांच्या सणाला तो करतात. संत ख्रिस्ती, पण त्यांच्या आड आफ्रिकेंतील योरुबा लोकांचीं जुळीं दैवतें उभीं आहेत हें तेथें सर्वांना माहीत असतें. त्या दिवशीं आधीं सात मुलांना जेवूं घालावयाचें आणि मग बाकीच्यांनीं बसावयाचें. हें वाचतांना मला आपल्याकडच्या मुंजा मुलाची आणि सवाष्णीची पंगत आठवली. देव बदलावा लागला तरी नैवेद्य बदलला नाहीं.

ब्राझीलहून गोव्याला यावयास फार प्रयास पडत नाहींत, कारण पोर्तुगीजांचें राज्य दोन्ही किनाऱ्यांवर होतें. काजू त्याच संबंधानें ब्राझीलमधून आपल्याकडे आला. माणसेंही आलीं. यान व्हान लिंशोटेन हा डच तरुण १५८३ पासून पांच-सहा वर्षें गोव्यांत आर्चबिशपच्या पदरीं होता. १५९६ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें गोव्याच्या मुख्य रस्त्यावरचा बाजार वर्णिला आहे, आणि त्या बाजारांत इतर मालाबरोबर गुलामही विकले जात. मोझांबिककडून आणिलेल्या या आफ्रिकी लोकांना कोंकणींत 'खापरी' म्हणत. गोव्यांतल्या श्रीमंत फिरंगी घरांतून पाणी भरण्यापासून पालखी वाहण्यापर्यंतचीं कामें त्यांच्याकडे असत. आतां गोव्यांत आजही नारळाच्या रसांत भेंडे आणि सुंगटें, म्हणजे कोळंबी, एकत्र शिजवितात; भेंड्यांचे मोठे तुकडे, वर सोलें. बाहियाच्या कारुरूंत भेंडी आणि कोळंबी, गोव्याच्या कढींत भेंडी आणि कोळंबी. हें पाहून मीं कांहीं दिवस फार उत्साहांत घालविले. नंतर विचार केला कीं, ज्या किनाऱ्यावर कोळंबी आहे आणि परसांत भेंडी आहे, तेथील बाईला हीं दोन एकत्र शिजविण्यास कोणाच्या शिकवणीची गरज पडत नाहीं. साम्य म्हणजे पुरावा नव्हे, हें इतिहासाच्या पहिल्या धड्यांत शिकविलें जातें आणि शेवटच्या धड्यापर्यंत आपण विसरतों.

आतां आत्याबाईंची कढई पुन्हा चुलीवर ठेवूं, आणि तारेचा नियम पुरता समजून घेऊं. भेंडीच्या अंगांत जो चिकट द्रव असतो तो पाण्यांत फुगतो आणि पसरतो. म्हणून आधीं धुवावयाची, मग चिरावयाची. म्हणून झांकण नाहीं, कारण झांकणाला सांठलेली वाफ पाणी होऊन खालीं गळते. म्हणून मीठ उशिरां, कारण मीठ भाजीचें पाणी बाहेर ओढतें. म्हणून उलथनें जपून, कारण चकत्या चेंगरल्या कीं आंतला चीक सुटतो. आणि आमसूल अशासाठीं कीं, आंबटाच्या संगतींत त्या द्रवाचा चिकटपणा उतरतो. चिंच, ताक, लिंबू यांपैकीं कशानेंही हें काम होतें. ज्या प्रांतांत जें आंबट पिकलें, तेथें तें भेंडींत पडलें. लोखंडी कढईंत आंबट घातलें तर भेंडी काळी पडते आणि पितळेला तें कळकतें, म्हणून जुन्या बायका कल्हईच्या भांड्यावर अडून बसत. या सर्वांमागील रसायन आज प्रयोगशाळेंत मोजून दाखवितां येतें. तें न मोजतां ज्यांनीं शोधून काढलें, त्यांचींही नांवें कोठें नाहींत. मराठींत छापील पाकशास्त्राचा आरंभ १८७५ च्या 'सूपशास्त्रा'पासून धरतात. त्याआधींची सारी विद्या सासूकडून सुनेकडे तोंडानें गेली. व्हर्जिनियांतल्या त्या चुलीशीं याची तुलना करणें अन्यायाचें होईल. आपल्या आज्या-पणज्यांना कोणी बाजारांत उभ्या करून विकलें नव्हतें. तरी पण मांडणीवरच्या पुस्तकांत त्यांचाही पत्ता लागत नाहीं, एवढें खरें.

फोडणीचें गोत्र पाहावयाचें तर हळद येथली, मोहरीही फार जुनी. जिरें पश्चिम आशियाकडचें, पण त्याला येऊन इतका काळ लोटला कीं आतां त्याला कोणी पाहुणा म्हणत नाहीं. हिंग मात्र अजूनही पाहुणाच. तो इराण-अफगाणिस्तानच्या डोंगरांतून येतो, आणि आपल्याकडे त्याच्या लागवडीचा प्रयोग हिमाचलच्या लाहौल खोऱ्यांत २०२० सालीं सुरू झाला. सर्वांत नवा आणि सर्वांत दांडगा पाहुणा म्हणजे मिरची. ती अमेरिकेची. कोलंबस १४९२ सालीं तिकडे पोंचला, वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतास उतरला, आणि १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें. या तीन तारखांच्या मागें मिरचीचा प्रवेश नेतां येत नाहीं. त्यापूर्वीं आपलें तिखट म्हणजे मिरें, पिंपळी, आलें आणि सुंठ. मिऱ्याचा वेल मलबारच्या ओल्या डोंगरांत वाढतो, त्याच्या प्रत्येक दाण्याला किंमत पडते, आणि देशावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तो कधींच परवडला नाहीं. मिरची त्याच्या स्वतःच्या बांधावर आली. गरिबाच्या भाकरीला तिखट मिळालें तें तिच्यामुळें; म्हणूनच ती इतक्या लवकर 'आपली' झाली असावी. दाण्याचें कूट तर आणखी अलीकडचें. भुईमूग हाही दक्षिण अमेरिकेचा, आणि आपल्याकडे त्याची मोठी लागवड एकोणिसाव्या शतकांतली. तेव्हां देशावरची दाण्याचें कूट लावलेली भेंडी पेशव्यांच्या पंगतींत वाढली जात होती असें चित्र कोणी रंगवूं लागला, तर त्याला हळूच अडवावें. आणि आमसूल? कोकमाचें झाड आपल्या सह्याद्रीचें. कढईंतल्या या सगळ्या मेळाव्यांत त्याचें घर सर्वांत जवळ.

भाद्रपदांत ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचें कांहीं खावयाचें नाहीं, असा दंडक आहे. त्या दिवशींच्या ऋषींच्या भाजींत आत्याबाई अळू, भोपळा, पडवळ, दोडका यांच्याबरोबर भेंडी घालीत, आणि परसांतल्या मक्याचीं कणसेंही तोडून घालीत. मका मेक्सिकोकडचा. ऋषींची त्याला हरकत नव्हती.

अखेरच्या दुखण्यांत आत्याबाई शहरांत आमच्या बिऱ्हाडीं येऊन राहिल्या. पावसाळा होता. एके दिवशीं डब्यांतलीं आमसुलें संपलेलीं होतीं आणि घरांत चिंचही नव्हती. भेंडी तर चिरून झालेली. मीं भीतभीतच एक टोमॅटो बारीक चिरून कढईंत टाकला. जेवावयास बसल्यावर आत्याबाईंनीं भाजींतला लाल तुकडा बोटानें ताटाच्या कडेला सारला, माझ्याकडे पाहिलें, आणि कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं भाजी पुन्हा वाढून घेतली.